म्हैसूरच्या मोहिमेतले कोवळे लेफ्टनंट

सप्टेंबर १७८२ मध्ये एडवर्ड मूर इंग्लंडहून हिंदुस्थानच्या जहाजावर चढला, तेव्हा त्याला बारा वर्षेही पुरी झालेली नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत त्याची कॅडेट म्हणून नेमणूक झाली होती. वारे उलटे पडले, ताफा भरकटला आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये तो मद्रासच्या किनाऱ्याला लागला. पुढे हाच मुलगा लेफ्टनंट झाला, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर टिपू सुलतानाच्या मुलखात लढला, त्याने तीन जखमा सोसल्या आणि तेविसाव्या वर्षाच्या आसपास त्याने त्या मोहिमेवर एक जाडजूड ग्रंथ लंडनमध्ये छापला. मराठी फौज छावणीत कशी राहत होती आणि वेढा कसा घालत होती, याचे इंग्रजी वाचकांना दोनशे वर्षे जे चित्र दिसत आले, त्याचा मोठा भाग या पोरसवदा लेफ्टनंटाच्या लेखणीतून उतरला आहे.

म्हैसूरची चार युद्धे १७६७ ते १७९९ या काळात झाली. त्यांवर लिहिणारे बहुतेक हैदर, टिपू, कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली या मोठ्या नावांभोवती फिरतात. पण त्या युद्धांतून इंग्रजांच्या हाती खरे जे आले ते मुलखाचे आणि माणसांचे ज्ञान, आणि ते गोळा करणारे बहुतेक लेफ्टनंट व कॅप्टन होते. आपल्या दृष्टीने त्यांच्याकडे पाहण्याचे कारण आणखी वेगळे आहे. १७९१ मध्ये ते आपल्या फौजेच्या मांडीला मांडी लावून बसले होते. बारा वर्षांनी त्यांच्याच फौजा आपल्यावर चालून आल्या.

या अधिकाऱ्यांचे दोन वर्ग होते, आणि ते वेगळे धरले नाहीत तर त्यांच्या आयुष्यांचा उलगडा होत नाही. एक वर्ग इंग्लंडच्या राजाच्या पलटणींतला. तिथे हुद्दा विकत मिळे. पैसा आणि वशिला असलेला आर्थर वेलस्ली १७८७ मध्ये एन्साइन झाला आणि अवघ्या सहा वर्षांत लेफ्टनंट कर्नल होऊन ३३ व्या पलटणीचा अधिपती बनला. श्रीरंगपट्टण पडले तेव्हा त्याने तिशी नुकतीच गाठली होती. त्याच पलटणीत विल्यम लॅम्टन हा गणिताचा गाढा व्यासंगी होता. त्याच्यापाशी ना पैसा, ना घराणे. पंचेचाळिशीला आला तरी तो लेफ्टनंटच होता. एकाच तंबूच्या रांगेत हे दोघे राहत होते, यावरून त्या व्यवस्थेचा न्याय लक्षात यावा.

दुसरा वर्ग कंपनीच्या फौजेतला. इथे हुद्दा विकत मिळत नसे. वरचा मेला, निवृत्त झाला किंवा घरी गेला की खालचा वर सरके. त्यामुळे केवळ शौर्य गाजवून कोणी भरभर चढत नसे. पगारही बेताचा, मोहिमेवर मिळणारा भत्ता हाच खरा आधार. पुढे जायचे तर वाट एकच होती: अ‍ॅडज्युटंट, क्वार्टरमास्टर, दुभाषी, मोजणीदार, वकिलाचा मदतनीस असल्या जागा. या जागांना देशी भाषा लागत. म्हणून कंपनीचे हुशार पोर मुन्शी ठेवून फारसी, हिंदुस्तानी शिकत बसे. मूर सतरा-अठरा वर्षांचा असताना परीक्षक समितीने त्याच्या भाषाज्ञानाची खास नोंद केली आणि तो पलटणीचा अ‍ॅडज्युटंट झाला. म्हैसूरच्या मुलखात हे ज्ञान फार कामाचे होते. हैदर-टिपूच्या दफ्तरात कानडी आणि फारसीबरोबर मराठी हिशेबही चालत.

या पिढीचा पहिला धडा मात्र तुरुंगात झाला. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे हैदर आणि टिपूने कर्नल बेलीची तुकडी पार कापून काढली. इंग्रजांचा हिंदुस्थानातला तोवरचा तो सर्वांत मानहानीचा पराभव. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेच्या भिंतीवर टिपूने तो रंगवून घेतला, आणि ते चित्र आजही म्हैसूरला जाणारा प्रवासी पाहतो. पकडल्या गेलेल्यांत कॅप्टन डेव्हिड बेअर्ड होता. जखमी अवस्थेत त्याला श्रीरंगपट्टणला नेऊन बेड्या ठोकल्या. बेली तिथेच मेला. बेअर्ड सुमारे पावणेचार वर्षांनी, १७८४ च्या मंगळूर तहानंतर सुटला.

या कैदेच्या हकिकती इंग्लंडमध्ये पुढे भडक रंगात छापल्या गेल्या आणि टिपूविरुद्ध मन तयार करायला त्यांचा भरपूर उपयोग झाला. त्यांतले सगळे खोटे नव्हते. पण त्या तुरुंगातला एक कैदी आपण मराठी माणसांनी विसरू नये. जनरल मॅथ्यूजने १७८३ च्या आरंभी बेदनूर घेतले, एप्रिलअखेर टिपूने ते परत जिंकले आणि मुंबईच्या फौजेतले शेकडो लोक धरले गेले. त्यांत कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे सामाजी हसाजी दिवेकर होते. मुंबई फौजेत ते देशी अधिकारी होते. त्यांच्या समाजात अशी आख्यायिका आहे की टिपूच्या आईने रदबदली केल्यामुळे त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये सिनेगॉग बांधले. बेअर्डचे चरित्र दोन खंडांत लिहिले गेले. दिवेकरांची कैद त्यांच्या समाजाच्या आठवणीने जपली, आणि घरात मराठी बोलणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे युद्ध म्हैसूरच्या इतिहासात कुठेच येत नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

आता मूरकडे वळू, कारण आपल्या दृष्टीने खरा ऐवज इथेच आहे.

डिसेंबर १७८९ मध्ये टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला आणि तिसरे म्हैसूर युद्ध पेटले. १ जून १७९० रोजी पुण्यात पेशवे आणि कंपनी यांचा तह झाला. नाना फडणीस आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी तो घडवून आणला. पण त्याच्या आधीच मुंबईच्या दोन पलटणी आणि तोफखाना घेऊन कॅप्टन जॉन लिटल निघाला होता. मेअखेर संगमेश्वरला उतरून, भर पावसात आंबा घाट चढून, जूनच्या मध्याला ही तुकडी तासगावजवळ पोचली. तासगाव म्हणजे परशुरामभाऊंचे ठाणे. मृगाच्या सरींत चिखलाने भरलेल्या त्या घाटातून तोफा ओढून वर आणणाऱ्या शिपायांत कोकणातलेच लोक पुष्कळ होते. मुंबईच्या पलटणींची भरती मुख्यतः तिथलीच.

१८ सप्टेंबरला भाऊंनी धारवाडला वेढा घातला. आत टिपूचा जाणता सरदार बद्रुज्जमानखान. वेढा रेंगाळला, म्हणून मुंबईहून कर्नल फ्रेडरिक गोरी पलटण आणि आणखी शिपाई घेऊन आला. अ‍ॅडज्युटंटची जागा सोडून ९ व्या पलटणीच्या ग्रेनेडियर कंपनीचा मुख्य बनलेला लेफ्टनंट मूर याच कुमकेतला. ७ फेब्रुवारी १७९१ रोजी हल्ला झाला. खंदक बुजवायला टाकलेल्या फाट्यांच्या मोळ्या किल्ल्यातल्या लोकांनी पेटवून दिल्या आणि हल्ला फसला. महिन्याभरात फ्रेडरिक आजाराने व निराशेने मेला. एप्रिलच्या आरंभी खान अटींवर बाहेर पडला. पुढे तंटा होऊन तो मराठ्यांच्या कैदेत पडला. मराठ्यांच्या मनात तेव्हा १७८५ चे नरगुंद होते: तिथल्या व्यंकटराव भाव्यांना टिपूने दिलेले वचन मोडून कैद केले होते.

या वेढ्यावर मूरने लिहिलेला एक उतारा इंग्रजी पुस्तकांत पुनःपुन्हा येतो. त्याचा आशय असा: मराठ्यांचे गोलंदाज तोफ ठासतात, मग अर्धा तास गप्पा मारीत हुक्का ओढतात, मग तोफ डागतात, धुरळा भरपूर उडाला की समाधान मानतात आणि पुन्हा हुक्क्याकडे वळतात. दुपारी जेवणासाठी दोन तास दोन्ही बाजू बार बंद ठेवतात. ग्रँट डफसारख्या इतिहासकारांनी मूरचा आधार घेतला आणि पुढे शाळेच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत मराठी तोफखान्याचे चित्र तेच राहिले.

मूर खोटे लिहीत होता असे मला म्हणायचे नाही. त्याने जे पाहिले ते लिहिले, आणि तो बारकाईने पाहणारा होता. पण एकोणीस-वीस वर्षांच्या अधिकाऱ्याला मोर्चा दिसतो, खजिना दिसत नाही. तोफ अर्ध्या तासाने का उडते याचे उत्तर पटवर्धनी दफ्तरात शोधावे लागते. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ते दफ्तर आयुष्यभर उपसून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापले. त्यांत वेगळेच युद्ध दिसते: फौजेचे तटलेले पगार, सावकाराचा तगादा, दारूगोळ्याची टंचाई, पुण्याकडे पैशासाठी लावलेला धोशा, आणि इंग्रजांना जिंकू द्यावे पण फार जिंकू देऊ नये हा सावध विचार. दारूच मोजकी असेल तर गोलंदाज हुक्का ओढत बसणारच. मूरला आळस दिसला तिथे काटकसर आणि राजकारण दोन्ही होती. अर्थात आपली तोफखान्याची विद्या मागे पडली होती हेही खरेच, आणि खऱ्यांचे कागद वाचून ते झाकता येत नाही.

दोन्ही बाजूंच्या कागदांत तुलना करायचीच तर कस वेळेचा लागतो. मूरचा ग्रंथ मोहीम संपल्यावर दोन वर्षांत, १७९४ साली, लंडनमध्ये छापून निघाला. मेजर डिरॉम आणि लेफ्टनंट रॉडरिक मॅकेंझी यांची पुस्तके त्याच्याही आधी, १७९३ पासून येऊ लागली. भाऊंच्या छावणीतही रोज पत्रे लिहिली जात होती. कारकून हुशार होते, भाषा नेमकी होती, बातमी चोख होती. ती पत्रे रुमालांत बांधली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बांधलेलीच राहिली. शंभर वर्षे एकच पक्ष बोलत होता. पराभवापेक्षाही हे नुकसान मला जास्त जाचते, कारण ते टाळता आले असते.

मूरची पुढची मोहीम थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. जून १७९१ मध्ये बंगळूरजवळच्या एका डोंगरी किल्ल्यावर चढताना त्याच्या खांद्याला गोळी लागली. चार महिन्यांत तो परत कामावर आला. २९ डिसेंबरला शिमोग्याजवळ तुंगेच्या काठी गाजनूरला लिटलने सुमारे हजार शिपायांनिशी टिपूच्या बळकट छावणीवर हल्ला केला. समोर दहा हजारांचा जमाव होता असे इंग्रज सांगतात. मूर दोन कंपन्यांच्या पुढे होता. त्याला पुन्हा दोन जखमा झाल्या. काही दिवसांतच शिमोगा पडला. लिटलने त्याची खास वाखाणणी केली, पण सैनिक म्हणून त्याचे आयुष्य तिथेच जवळजवळ संपले. आजारपणाच्या रजेवर तो घरी गेला आणि त्या सक्तीच्या रिकामपणात त्याने पुस्तक लिहिले.

याच काळात मुख्य आघाडीवर एक प्रसंग घडला. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला, अरिकेरेला जिंकलाही, पण बैल मेले आणि धान्य संपले. शिपाई मेलेली जनावरे खाऊ लागले. शेवटी अवजड तोफा फोडून तो माघारी वळला. अशा वेळी समोरून घोडेस्वार दिसले. इंग्रजांना ते शत्रूचे वाटले. ते पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांचे निघाले. टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे मराठी फौज इतकी जवळ आली आहे याची कॉर्नवॉलिसला कल्पनाच नव्हती. मराठ्यांच्या मागे भरलेला बाजार चालत होता. धान्य तर होतेच, शिवाय शाली, विलायती बनात, चाकू-कात्र्या, सराफांची दुकाने. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने त्याचे वर्णन थक्क होऊन केले आहे. भाव चढे होते म्हणून इंग्रजांनी तक्रारी केल्या. पण त्या बाजाराने त्यांची फौज वाचवली, हे त्यांनीही नाकारले नाही. मोहीम बैलांवर आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांवर चालते, हा धडा इंग्रजांच्या पोटात भुकेने उतरला.

त्याच वर्षी रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने शंकराचार्यांना पाठवलेली मदतीची पत्रे १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्या हाती लागली. आपल्या फौजेची कीर्ती सांगताना हे पान उलटून पुढे जाणारे लेखक मी वाचले आहेत. तसे करू नये. ज्या फौजेने उपाशी इंग्रजांना धान्य पुरवले, तिच्याच आसऱ्याने चालणाऱ्यांनी हा मठ लुटला.

मार्च १७९२ चा तह झाला. टिपूचे अर्धे राज्य गेले, ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी बसली आणि दोन लहान मुलगे ओलीस गेले. इथून कनिष्ठ अधिकाऱ्यांची दुसरी कारकीर्द सुरू होते. ग्लासगोच्या व्यापाऱ्याचा मुलगा टॉमस मन्रो १७८० मध्ये साधा कॅडेट म्हणून मद्रासला आला होता. बारामहालात कॅप्टन रीडच्या हाताखाली तो शेतसारा शिकला आणि रयतवारीचा आधारस्तंभ झाला. जॉन मॅल्कम तेरा-चौदा वर्षांचा असताना आला. श्रीरंगपट्टणच्या छावणीत त्याने फारसीचा ध्यास घेतला. १७९९ नंतर म्हैसूरचे राज्य वाटून देणाऱ्या मंडळाचे हे दोघे चिटणीस होते, आणि दोघेही तेव्हा नुसते कॅप्टन. मन्रोने १८१८ मध्ये बदामी, बेळगाव आणि सोलापूर पेशव्यांकडून घेतले. मॅल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरला मॅल्कमपेठ वसली.

चौथ्या म्हैसूर युद्धात, ४ मे १७९९ ला भर दुपारी बेअर्डने श्रीरंगपट्टणच्या खिंडारातून फौज आत नेली. जिथे तो बेड्यांत होता तेच शहर त्याने घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्याचा अधिकार आर्थर वेलस्लीकडे गेला. आर्थरचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होता. लुटीचा ऐवज सुमारे ११ लाख पौंडांचा. सेनापती हॅरिसच्या वाट्याला १ लाख ४० हजार पौंडांहून अधिक आले, तर शिपायाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खिंडाराजवळ १९०७ मध्ये म्हैसूर सरकारने उभारलेल्या स्तंभावर अधिकाऱ्यांची नावे आहेत. ती वाचताना त्यांतले किती जण विशी-पंचविशीतले असतील हा विचार मनात येतो, आणि शिपायांची नावे कुठे लिहिली असतील हाही.

राजधानी म्हैसूरला हलली, पाच वर्षांचे कृष्णराज वडेयर गादीवर बसले, पूर्णय्या दिवाण झाले. इंग्रज रेसिडेंटासाठी म्हैसूरला जी इमारत मार्क विल्क्सच्या काळात उभी राहू लागली ती आजही गव्हर्न्मेंट हाउस म्हणून ओळखली जाते. विल्क्सही मद्रास फौजेत कॅडेट म्हणूनच आला होता. म्हैसूरचा तीन खंडांचा इतिहास त्याने याच नोकरीच्या जोरावर लिहिला. कॉलिन मॅकेंझीने कावली बोरय्या व लक्ष्मय्या या भावांच्या मदतीने म्हैसूरची मोजणी केली आणि हजारो हस्तलिखिते गोळा केली. त्यांत मराठी बखरी-कैफियतीही आहेत. लॅम्टनने म्हैसूर जिंकल्यावर मुलूख त्रिकोणांनी मोजण्याची योजना मांडली, १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा घातली आणि वीस वर्षे मोजत मोजत उत्तरेकडे आला. २० जानेवारी १८२३ रोजी तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला.

वेलस्लीचे म्हैसूरमधले शिक्षण आपल्याला सर्वांत महाग पडले. १८०० मध्ये त्याने बंडखोर धोंडजी वाघाचा पाठलाग केला. धोंडजीने ३० जूनला धोंडोपंत गोखल्यांना ठार केले होते, म्हणून त्यांचे पुतणे बापू गोखले इंग्रजांच्या बाजूने धावत होते. १० सप्टेंबरला कोनगलला धोंडजी पडला. त्या मोहिमेतली वेलस्लीची पत्रे वाचावीत: पानेच्या पाने बैल, तांदूळ, नद्यांचे उतार आणि होड्या. हैदर-टिपूने जोपासलेले अमृतमहाल बैल आता त्याच्या तोफा ओढत होते. मार्च १८०३ मध्ये तो हरिहरहून निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात होता. २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांची फौज मोडली तेव्हा त्याच्याबरोबर बिष्णप्पा पंडिताचे म्हैसूरचे घोडेस्वार होते. बारा वर्षांपूर्वी मराठ्यांच्या बाजारावर जगलेली फौज आता आपली शिदोरी आपणच घेऊन आली होती.

मूर या सगळ्यांत मोठा झाला नाही. १७९६ मध्ये तो परत आला, मुंबईला सामानाच्या कोठारांचा अधिकारी झाला, १८०० च्या आरंभी चिंचवडच्या देवांचे दर्शन घेऊन त्याने त्या परंपरेवर निबंध लिहिला, १८०५ मध्ये कायमचा मायदेशी गेला आणि १८१० मध्ये हिंदू देवतांवर सचित्र ग्रंथ काढला. १८४८ मध्ये तो वारला. कर्नल, जनरल, लॉर्ड यांपैकी काहीच तो झाला नाही. परंतु मराठी छावणीचा प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून माझ्या लेखी त्याचे वजन मन्रो-मॅल्कमपेक्षा जास्त आहे. ते दोघे आपल्याकडे पुढे राज्यकर्ते म्हणून आले. हा आमच्या फौजेबरोबर पावसात भिजला होता.

असे असून मूरचा ग्रंथ मराठी संशोधनात नेहमी तळटीपेत येतो. कधी मराठ्यांची नालस्ती म्हणून तो झिडकारला जातो, कधी पटवर्धनांच्या शौर्याचा दाखला म्हणून त्यातली सोयीची ओळ उचलली जाते. दोन्ही रीती अन्यायाच्या. त्याचे भाषांतर सटीप व्हायला हवे, आणि टीपा खऱ्यांच्या संग्रहातल्या त्याच त्या तारखांच्या पत्रांमधून घ्यायला हव्यात. लिटलच्या तुकडीतल्या शिपायांची नावे मुंबई फौजेच्या कागदांत शोधायला हवीत. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतून धारवाडला माणसे गेली हे त्याशिवाय कळणार नाही. आरंभ धारवाडच्या वेढ्यापासूनच करावा. १८ सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१ या सहा महिन्यांत भाऊंच्या गोलंदाजांकडे रोज किती दारू शिल्लक होती एवढा एक प्रश्न धरून दोन्ही बाजूंचे कागद शेजारी मांडले, तर हुक्क्याच्या त्या उताऱ्याचा निकाल लागेल.